पलीकडच्या काठाचं मागणं

शेड विकायची असं ठरलं तेव्हा घरात कुणी आवाजसुद्धा चढवला नाही, आणि आईला त्याचंच जास्त लागलं.

रविवारची जेवणं नुकतीच आटोपली होती. ताटं अजून टेबलावरच होती. धाकट्याने ग्लासातलं पाणी संपवलं, तोंड पुसलं आणि हवापाण्याचं बोलावं तसं सांगून टाकलं, "बुधवारी गोदामवाला येतोय. नदीकाठची जागा त्याला हवी आहे. मी हो म्हटलंय."

"मला न विचारता?" आई म्हणाली.

"तुला विचारलं असतं तर तू देवाला विचारायला गेली असतीस. तुम्हा दोघांचा विचार पुरा होईपर्यंत शेडचे पत्रे गंजून खाली आले असते."

धाकट्या सुनेने ताटं गोळा करायच्या निमित्ताने मान खाली घातली. तिला हसू आलं होतं, पण या बाबतीत ती नवऱ्याच्याच बाजूची होती. ओट्यासमोरच्या खिडकीतून ती शेड दिसायची. भांडी घासताना समोर बघायचं नाही, ही सवय तिने कष्टाने लावून घेतली होती.

आईने थोरल्याकडे पाहिलं. तो नाही म्हणेल याची तिला खात्री होती. बापाने त्याच्या हातात पहिला रंधा दिला तो त्या शेडमध्ये. "तू बोल की रे काहीतरी."

थोरला ताट संपवून शेवटचं बोट चाटत होता. "विकू दे," तो म्हणाला. "जितक्या लवकर जाईल तितकं बरं."

अकरा वर्षांत या दोन भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. झालं ते नेमकं यावर.

तीन पिढ्या त्या शेडमध्ये होड्या बांधल्या गेल्या. नदीवर जी जी होडी धड चालायची, ती याच घराची, असं लोक धरून चालायचे. शेवटची होडी थोरल्याने बांधली. पलीकडच्या काठाला जाणारी, माणसांची ने-आण करणारी, आजवरची सगळ्यांत मोठी. पाण्यात सोडायचा दिवस जाहीर झाला होता, पाहुणे ठरले होते, आणि थोरल्याने चारचौघांत शब्द दिला होता की दिवस चुकणार नाही. फळ्या पुरत्या वाळल्या नव्हत्या. हे त्याला माहीत होतं. धाकट्याने फळीत खिळा दाबून पाहिला, तर तो लोण्यात जावा तसा गेला. अप्पांनी, म्हणजे दोघांच्या बापाने, फळीवर बोटाने टकटक केली, आवाज ऐकला आणि काही न बोलता घरी निघून आले. आईने त्यांचा चेहरा पाहिला आणि तीही गप्प बसली. दिवस चुकला नाही. होडी डौलात पाण्यात गेली. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आकसलं आणि सांधे सुटू लागले. त्यानंतर पाणी चढलं तेव्हा परतीच्या फेरीला भर पात्रात ती बुडाली. नऊ माणसं गेली.

शिक्षा एकट्या थोरल्याला झाली. तो आत असतानाच त्याची बायको निघून गेली आणि तिने दुसरं घर केलं. मागे राहिलेल्या मुलीला धाकट्या सुनेने वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. अप्पांनी आपली खुर्ची नदीकडे पाठ येईल अशी फिरवून घेतली आणि त्याच खुर्चीत ते संपले. धाकटा गावात एका गाळ्यात खुर्च्या नि दारं दुरुस्त करू लागला. थोरला सुटून आला तो वखारीत ओझी उचलायला लागला. दिवसभर लाकूड खांद्यावर घ्यायचा, पण हत्याराला हात लावायचा नाही.

"मग झालं तर," धाकटा उठत म्हणाला.

तेवढ्यात दार वाजलं आणि थोरल्याची मुलगी आत आली. बस डेपोत ती वेल्डिंग करायची, म्हणून सगळे तिला ठिणगीच म्हणत. ती एकटी नव्हती. तिच्यामागे एक उंच, सडपातळ बाई उंबऱ्याशीच थांबली होती. तिच्या पोलक्याला एक दोरा ओवलेली सुई टोचलेली होती.

थोरला ताडकन उभा राहिला. त्याची खुर्ची मागे आपटली.

खटल्याच्या प्रत्येक तारखेला ही बाई पहिल्या बाकावर बसायची. मांडीवर कुणाचा तरी झगा असायचा आणि ती त्याला दुमड घालत असायची. साक्षी चालायच्या, वकील भांडायचे, हिची सुई थांबायची नाही. पलीकडच्या काठावरची शिंपीणबाई. तिचा नवरा तिच्यासाठी दोऱ्याची रिळं घेऊन त्या फेरीने परत येत होता.

"आजी, या पलीकडे राहतात," ठिणगी घाईघाईने म्हणाली. "तिथल्या पत्र्याच्या बोटीला ठिगळं लावायला मी जाते ना, तिथे ओळख झाली. यांना तुमच्याशी बोलायचंय. मी म्हटलं, मी घेऊन जाते."

"बसा," आई म्हणाली. खुर्ची तिने स्वतः ओढून दिली.

शिंपीणबाई बसली. तिने खोलीभर नजर फिरवली आणि ती थोरल्यावर आणून ठेवली. "तुम्हीही बसा. उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही, मापं घेतल्यासारखं वाटतं."

थोरला बसला.

"आम्हाला होडी हवी आहे," ती म्हणाली. "तुम्ही बांधायची."

सुनेच्या हातातली ताटं तशीच राहिली.

"माझ्या हातून नको," थोरला शेवटी म्हणाला. "चांगले कारागीर आहेत. मी नावं देतो."

"नावं आमच्याकडे आहेत." तिने पदर नीट केला. "आधी माझं ऐकून घ्या. दहा वर्षं मी देवाकडे तुमचं वाटोळं मागत होते. नावानिशी मागायचे, म्हणजे चुकून दुसऱ्या कुणाचं व्हायला नको. तो काही बोलला नाही. मला वाटलं, ऐकत असेल, सवड नसेल. मग मागच्या वर्षी पाणी चढलं तेव्हा ती पत्र्याची बोट मध्यावर बंद पडली. आत शाळेची पोरं. मी काठावर उभी. वाचली सगळी, पण ती बोट हलेपर्यंत मी काय काय बोलले असेन देवाला! म्हटलं, आता तरी एक चांगली होडी दे. आणि डोळ्यासमोर काय आलं असेल? हा माणूस. लग्न झाल्यावर आम्ही दोघं या काठाला आलो होतो, तेव्हा तुमच्या शेडच्या दारात उभं राहून बघितलं होतं. तुम्ही सांध्यावरून बोट फिरवत होतात, डोळे मिटून. माझा नवरा म्हणाला, बघ, आंधळ्यासारखं बघतोय."

थोरल्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"मी देवाला म्हटलं, हा नको. दुसरा कुणीही दे. कितीतरी दिवस भांडले. दुसरं कुणी येईचना डोळ्यासमोर. शेवटी लोकांपुढे बोलले. बैठकीतून दोघं उठून गेले. तिसऱ्याने मला काय काय म्हटलं ते मी इथे सांगत नाही. बाकीचे बसून राहिले. जे बसून राहिले त्यांनी मला पाठवलंय."

"म्हणजे तुम्ही माफ केलंत आम्हाला?" सुनेने न राहवून विचारलं.

शिंपीणबाईने जरा विचार केला. "सकाळी करते. दुपारपर्यंत टिकत नाही. मग दुसऱ्या दिवशी परत." ती आईकडे वळली. "तुम्ही वयाने मोठ्या आहात. तुम्हाला जमतं का एकदम?"

"नाही हो," आई म्हणाली. "मलाही नाही."

"बाई, जागा विकली गेली," धाकटा मध्येच म्हणाला. तो अजून उभाच होता.

"विकली, की विकणार आहात?"

"बुधवारी."

"मग मंगळवारी सकाळी पलीकडे या. हो असेल तर आमच्या लोकांसमोर सांगा. नाही असेल तरी तिथेच येऊन सांगा, मी निरोप्याचं काम करणार नाही. आणि हो म्हणालात तर एक अट आहे. होडी पाण्यात उतरेल तेव्हा पहिल्या फेरीला तुमचं सगळं घर आत बसेल. मीही बसेन."

चहा टाकते म्हणून आई उठली, पण शिंपीणबाई थांबली नाही. ठिणगी तिला काठापर्यंत सोडायला गेली.

ती परत आली तेव्हा घरात धुमश्चक्री चालू होती.

"तू आणलंस तिला!" धाकटा तिच्यावर धावून आला. "काकाला आधी एका शब्दाने विचारावं असं वाटलं नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"तिला बोलू नका," सून म्हणाली. ताटं तिने धाडकन ओट्यावर ठेवली. "आणि त्या गोदामवाल्याला मी फोन करते. बुधवारी येऊ नका म्हणून."

"अगं, तूच म्हणत होतीस ना, विका!"

"म्हणत होते. मला बघवत नव्हतं म्हणून म्हणत होते. ती बाई दर बाजाराला त्या पाण्यावरून जाते. तिला मान वळवायची सोय तरी आहे का?" तिचा आवाज चिरकला. "मी नाही आता वळवणार."

धाकटा आळीपाळीने सगळ्यांकडे बघत राहिला. घटकेपूर्वी आई सोडली तर सगळं घर त्याच्या बाजूला होतं. आता उरला होता एकटा थोरला, आणि नेमका तोच त्याला बाजूला नको होता.

"दादा, तुझं बरं आहे," तो म्हणाला. हे तो ओरडून बोलला नाही, त्यामुळे ते जास्त भयंकर वाटलं. "तुला कुणीतरी शिक्षा सांगितली. ती तू भोगलीस आणि एक दिवस दार उघडलं. मला कुणी काही विचारलंच नाही. खिळा मी दाबून पाहिला होता."

"तू मला सांगितलं होतंस."

"एकदा! एकदा सांगितलं. तू हात झटकलास आणि मी जेवायला गेलो. त्या दिवशी आईने काय वाढलं होतं तेसुद्धा मला आठवतंय." तो खुर्चीत कोसळल्यासारखा बसला. "रोज कुणाची तरी खुर्ची दुरुस्त करतो. चार चार वेळा हलवून बघतो. पडून पडून माणूस हातभर खाली पडणार, तरी."

सुनेला लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्याने हे असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. खांद्यावर हात ठेवावा की नाही हे तिला कळेना. मग ठेवला.

थोरला बाहेर निघून गेला होता.

आई त्याच्यामागून गेली. शेडच्या दाराला कुलूप होतं, पण एका बाजूचा पत्रा उचकटलेला होता. थोरला लहानपणी शिरायचा तसाच आत शिरला असणार. आईला मात्र वाकायला वेळ लागला. आत उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या आणि कबुतरांनी सगळं घाण करून ठेवलं होतं. तो एका ओंडक्यावर बसला होता.

"आई, देवाला सांग, मी घरी नाही."

"मी कशाला सांगू? त्याला बरोबर सापडलाय पत्ता." ती धापा टाकत त्याच्या शेजारी टेकली. "सरक थोडा."

"गेलेले परत येणार आहेत का?"

"नाही."

"मग हे कशाला? तो माझी पाटी पुसून देणार आहे का? मला नको पुसलेली. नऊही नावं मला पाठ आहेत. ती गेली तर मग माझ्याजवळ काय राहिलं?"

ही मुलं लहान असताना आईकडे सगळ्याची उत्तरं असायची. "पुसणार नाही रे तो," ती हळू म्हणाली. "ती बाई काय, विसरायला आली होती? तिला सगळं आठवतंय, तुला सगळं आठवतंय, आणि ते सगळं माहीत असून तो तुला काम सांगतोय. मला तरी असंच दिसतं. मी काही फार शिकलेली नाही."

"मला भीती वाटते."

"मला तेव्हा वाटायला हवी होती." तिने डोळ्यांना पदर लावला. "अप्पा घरी आले तेव्हा मी त्यांचा चेहरा बघितला होता. विचारलं नाही. सगळीकडे तुझं नाव होत होतं, मला गोड वाटत होतं. त्यानंतर मी देवाकडे एकच मागितलंय. मला पुन्हा एकदा विचार. त्या दिवशी नाही बोलले, आता बोलेन. कुठेही विचार, कसंही विचार. तो विचारणार नाही असंच धरून चालले होते. आणि आज आपल्या टेबलाशी येऊन त्याने विचारलं, तर माझी दोन्ही पोरं म्हणतात, जागा विकली."

थोरल्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले. पन्नाशीच्या त्या माणसाला आईने जवळ घेतलं. वखारीतल्या ओझ्यांनी त्याची मान राठ झाली होती, आणि तिचा हात फिरून फिरून त्या राठ जागेवरच जात राहिला.

"मंगळवारी जाऊ," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. "काय बोलायचं ते मला माहीत नाही."

"जायचं तर खरं."

मंगळवारी सकाळी चौघं काठावर आली. थोरला, आई, सून आणि ठिणगी. धाकटा आदल्या रात्रीपासून कुणाशी बोलला नव्हता. सकाळी तो गाळ्यावर जातो म्हणून निघून गेला होता. सुनेने त्याला अडवलं नव्हतं.

पत्र्याची बोट पायऱ्यांना लागून डुलत होती. ठिणगीने आधी आजीला हात दिला, मग काकूला. थोरला शेवटच्या पायरीवर उभा राहिला तो राहिलाच. होडी बुडाली त्या दिवसानंतर तो पाण्यावर गेला नव्हता. एक पाय त्याने उचलला आणि परत ठेवला. बोटवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"बाबा, ठिगळं मी मारलीत," ठिणगी म्हणाली. "माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर आहे गं."

मागून पावलं वाजली. धाकटा पायऱ्या उतरून येत होता, धुतलेला शर्ट घालून, केस पाण्याने चापून. भावाजवळ येऊन तो थांबला, पण त्याच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"चल," एवढंच म्हणाला आणि त्याने थोरल्याचं कोपर धरलं. दोघं एकदमच बोटीत उतरले, तशी बोट एका अंगाला कलली आणि सून किंचाळली. "अगं, काही होत नाही," धाकटा म्हणाला, पण त्याचाही चेहरा पांढरा पडला होता.

पात्राच्या मध्यावर इंजिनाच्या आवाजाशिवाय कसलाच आवाज नव्हता. आईचे ओठ हलत होते. थोरला पाण्याकडे बघत होता आणि त्याचेही ओठ हलत होते. आई देवाशी बोलत होती. तो नावं घेत होता. धाकट्याने ती ऐकली, आणि एका नावावर थोरला अडखळला तेव्हा पुढचं धाकट्याने सांगितलं.

पलीकडे एका मोठ्या झाडाखाली माणसं जमली होती. खूप नव्हती. काही बाकांवर होती, काही उभी. शिंपीणबाई पुढे आली आणि काही न बोलता आईला हाताला धरून वर घेऊन गेली. बाकीचे कुणी हलले नाहीत. एक बाई थोरल्याकडे बघून तोंड फिरवून चालती झाली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

बाकाच्या टोकाला एक खूप म्हातारा माणूस काठीवर हनुवटी टेकून बसला होता. एकेकाळचा नावाडी. त्याची नात त्या फेरीत होती. थोरल्याला ते ठाऊक होतं. तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"आम्ही बांधू," थोरला म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लाकूड किती वाळवणार?"

थोरल्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. सगळे वाट बघत होते.

"दोन उन्हाळे," धाकटा म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "त्याआधी कुणी फळीला हात लावणार नाही. तुम्ही घाई केलीत तरी नाही. हा माझा भाऊ म्हणाला तरी नाही. मी लावू देणार नाही."

सून नवऱ्याकडे बघत राहिली. शिंपीणबाईने पोलक्याची सुई उगाच काढली आणि परत टोचली.

"दोन उन्हाळे," म्हातारा पुटपुटला. त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला, आणि तो त्याला मुळीच पसंत पडलेला दिसला नाही. "म्हणजे मला तोवर जगावं लागणार."

आणि कुरकुरत, काठीवर जोर देऊन, तो बाकावर बाजूला सरकला, दोन माणसं बसतील एवढा.